रिकामा क्रेट

आमच्या थोरल्या जाऊबाईंचं कौतुक माझ्या तोंडून निघालं असं कुणी सांगितलं, तर माझ्या माहेरची माणसं हसत सुटतील. एका घरात दोघी सुना म्हणून आलो, एका चुलीचा धूर खाल्ला, मग भावाभावांच्या वाटण्या झाल्या. आता बांधाच्या अल्याड मी भागू, आन् पल्याड त्या प्रयागबाई. माझ्या घरात काय शिजलं, काय करपलं, सगळं त्यांना बांधापल्याड कळतं, आन् कळलं की बोलून दाखवल्याशिवाय चैन पडत न्हाई. अशी ही बाई. पण खरं ते खरं म्हणायला पायजे. त्या क्रेटच्या भानगडीत बाईंनी जे केलं ते माझ्याच्यानं झालं नसतं, आन् अख्ख्या निरगुडसरात दुसऱ्या कुणाच्यानं झालं असतं असंबी मला वाटत न्हाई.

बाईंचे गुडघे गेले तिथनं हे सुरू झालं. तवर किराणा आणायला मंचरला जायचं म्हणजे त्यांचा सणच असायचा. दुकानात बसून तूरडाळ ओंजळीत घेऊन फुंकर मारून बघायची, जिरं चोळून हुंगायचं, दुकानदाराला दोन शब्द सुनवायचे, मग घरी यायचं. गुडघ्यांनी ते बंद पाडलं. मग पुण्याची लेक, अक्षदा, सुट्टीला आली तवा तिनं आईच्या मोबाईलात ते 'दारपोच' नावाचं ॲप टाकून दिलं.

"आई, आता मंचरला जायचं न्हाई. मोबाईलवर सांगायचं, सामान दारात येतं."

"न बघता? न चाखता? गूळ मी बोटानं दाबून घेते. तो काय मोबाईलात दाबू?"

"दाबून बघ की," अक्षदा म्हणाली, आन् पोरीनं खरंच त्या गुळाच्या चित्रावर आईचं बोट दाबलं. टुंग करून वाजलं आन् गूळ मागवला गेला. मी तिथंच व्हते. हसून हसून माझ्या पोटात दुखायला लागलं. बाईंनी असं बघितलं माझ्याकडं की मी पदर तोंडात कोंबला.

पयल्या खेपेला काय झालं, तर मोबाईलच्या नकाशात आमचं घर इहिरीत दाखवायचं. सामान घेऊन आलेला माणूस इहिरीपाशी उभा राहून फोन करतोय, "मावशी, मी तुमच्या दारात उभाय." बाई इकडं ओट्यावर, "अरं बाबा, मीबी दारातच उभीये, तू मला दिसंना झालास!" दोघंबी खरं बोलत व्हते. आमचा खालचा मळा असाच हाय. चार घरं, मधी सगळा ऊस, घराला नंबर न्हाई, रस्त्याला नाव न्हाई. शेवटी तो माणूस वैतागून सामान पंपाच्या खोलीत ठेवून गेला, आन् बाईंनी अक्षदाला फोनवर असं झापलं की पोरीनं दोन दिवस फोन उचलला न्हाई.

मग आरफा यायला लागली.

निळा शर्ट, डोक्याला हेल्मेट, स्कूटीच्या मागं निळा क्रेट बांधलेला. टोमॅटोला आपण वापरतो तसाच, फकस्त नवा. उसाच्या कडेनं येताना सारखा हॉर्न वाजवत यायची. मी इचारलं, "अगं, एवढं कुणाला सांगत येतीस?" तर म्हणाली, "बिबट्याला. मी येतीय हे त्याला आधी कळलेलं बरं." घर हुडकायला तिला नकाशा लागला न्हाई, फोन लागला न्हाई. सरळ बाईंच्या ओट्यापाशी येऊन थांबली. क्रेट खाली ठेवला, एक गुडघा टेकून बसली, आन् एकेक सामान काढून ओट्यावर मांडायला लागली. बाई बघतच राहिल्या.

"तू कुणाची गं?"

तिनं हेल्मेट काढलं. "ओळखा की आज्जी."

"अशी गुडघा टेकून बसायची एकच बाई मला ठावं हाय," बाई म्हणाल्या. "जैबू मणेरीण."

"तिचीच नात मी. लहानपणी तिच्या बोटाला धरून येत व्हते. तुमी मला काकवी-भाकर दिलेली."

जैबुन्निसा मंचरची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन मळ्यामळ्यानं फिरायची. माझ्या लग्नाचा चुडा तिनंच भरला. आमचे बाप्ये ओसरीच्या आत पाऊल टाकायला कचरायचे, पण जैबू थेट माजघरात येऊन बसायची. आमच्या सासूबाईंची सक्त ताकीद असायची, मणेरणीची टोपली दारातनं रिकामी जाता कामा नये. बांगड्यांचे पैसे ते येगळे. टोपलीत मूठभर बाजरी, शेंगा, कांदा, काय असंल ते पडायचंच.

तशी ती रीत आमच्याकडं सगळ्याच भांड्यांना हाय. कुणाची वाटी आली तर ती मोकळी परत द्यायची न्हाई. आन् आमच्या थोरल्या जाऊबाईंनी ती पाळावी तर किती पाळावी! वाटण्यांच्या टायमाला आमच्यात तोंड बघणं बंद व्हतं. त्या काळातबी पोरांच्या हातनं माझी वाटी तिकडं गेली, तर येताना तिच्यात गुळाचा खडा असायचा. बाई वाटी बांधावर ठेवायच्या आन् पाठ फिरवून चालू लागायच्या. माझ्याकडं बघायच्यासुदिक न्हाईत. पण गूळ असायचा. मी त्यो गूळ रागारागानं खाल्लाय.

तर आरफा यायला लागल्यापासनं बाईंचा नूरच पालटला. मोबाईलात बोलून सामान सांगायची सोय हाय हे त्यांनी स्वतःच हुडकून काढलं. दुकानदाराशी बोलावं तसं त्या मोबाईलशी बोलायच्या. "हे बघ बाबा, गूळ दे, पण मागच्यासारखा काळा देऊ नको, न्हाईतर माझ्याशी गाठ हाय." मोबाईल बिचारा काळा गूळ दाखवायचा. बाई त्याला रागवायच्या, पुन्हा सांगायच्या, पुन्हा रागवायच्या, पण हटल्या न्हाईत. महिन्याभरात अशा तयार झाल्या की मळ्यातल्या सगळ्या बायका आपापलं सामान सांगायला त्यांच्या ओट्यावर जमायला लागल्या. एकदा रव्यात जाळी निघाली. बाईंनी त्याचा फोटो काढला, वर दोन शब्द ठणकावून बोलल्या, आन् दुसऱ्या दिवशी नवा रवा दारात! मला तर आजूनबी मोबाईलवर फोन घेताना हिरवं दाबायचं का लाल ते आठवत न्हाई. वरनं मी म्हणाले, "काय तरी खूळ!" आतनं मात्र मला बाईंचा हेवा वाटत व्हता.

पण आरफाचा क्रेट रिकामा जायचा, ते बाईंना झोंबायचं.

"आज्जी, न्हाई चालत," आरफा म्हणायची. "क्रेटमधनं गिऱ्हाइकाची कुठलीबी वस्तू न्यायची न्हाई, असा नियम हाय. गोडाऊनला गेल्यावर क्रेट तपासत्यात."

"तुझ्या आज्जीनं कधी न्हाई म्हटलं न्हाई."

"आज्जीच्या टोपलीला कुणी तपासत नव्हतं."

एकदा बाईंनी मेथीची जुडी गुपचूप क्रेटात टाकली. आरफानं ती फाटकापाशी बघितली, परत आली, जुडी ओट्यावर ठेवली. "आज्जी, हे तुमचं राहिलं माझ्याकडं," असं म्हणून हसली आन् गेली. बाई दिवसभर मेथीकडं बघत बसल्या. संध्याकाळी मला म्हणाल्या, "भागू, माझ्या दारातनं ती जैबूची नात रिकाम्या हातानं जाती. सासूबाई असत्या तर मला घरात घेतलं नसतं."

मी म्हणाले, "बाई, सासूबाईंच्या काळात कंपनी नव्हती. सोडा की."

सोडतील तर त्या प्रयागबाई कसल्या!

त्या साली भुईमूग झकास आलेला. दाणे फोडून, वाळवून डब्यात भरलेले. त्या दिवशी आरफानं बाईंचं सामान दिलं, आन् माझी चहापावडर द्यायला ती बांध ओलांडून माझ्याकडं आली. क्रेट तिकडं ओट्यावरच. मी दारातनं बघतीय, तर बाई क्रेटात वाकलेल्या. तळाला एक पुठ्ठा असतो, तो उचलून त्याच्या खाली कायतरी सारत्यात. आरफा गेल्यावर मी इचारलं.

"बाई, काय ठेवलंत?"

"दाणे. कुठं दिसायचे न्हाईत. घरी जाऊन क्रेट धुईल तवा सापडतील तिला."

"अवो, पण पोरगी नको म्हणतीय ना?"

"नको म्हणायचं काम तिचं, द्यायचं काम माझं. तू गप."

 आन् बाईंनी ते दाणे कशात भरले व्हते म्हणता? पावसाळ्यात घरचे दाणे संपले तवा ह्याच कंपनीकडनं मागवलेले, त्याच जाड कागदी पिशवीत. बाई शिस्तीच्या. एकबी पिशवी टाकून देत न्हाईत. झटकून, घडी घालून फळीवर ठेवत्यात. दाण्याच्या पिशवीत दाणेच भरायचे, तूरडाळीच्या पिशवीत तूरडाळच. पिशवीवर कंपनीचं नाव, वर 'शेंगदाणे' म्हणून चिठ्ठी चिकटवलेली. तोंड सुतळीनं बांधून टाकलं.

पुढच्या खेपेला हॉर्न वाजला न्हाई. आरफाच्या जागी एक मिशीवाला आला. नाव गोरख. इहिरीपाशी जाऊन, आमच्या कुत्र्याच्या शिव्या खाऊन, घामाघूम होऊन ओट्यावर आला. सामान उतरवलं, म्हणाला, "आजी, मोबाईलवर चार आकडी नंबर आला असंल, तो सांगा." तो नंबर सांगितल्याशिवाय त्यांचं सामान पोचलं असं धरत न्हाईत.

"आरफा कुठंय?"

"मला न्हाई ठावं. नंबर सांगा, आजी."

"ठावं न्हाई म्हणताना तू जमिनीकडं बघतोयस. आरफा कुठंय ते सांग, मग नंबर."

"आजी, मला आजून लई घरं हायत."

"मग लवकर सांग."

गोरख कासावीस झाला. एकदा स्कूटीकडं बघितलं, एकदा कुत्र्याकडं. शेवटी खाली बसला. "तिला कामावरनं घरी बसवलीय. चोरी सापडली. मंचरमधल्या एका गिऱ्हाइकानं फोन केला व्हता, माझं दाण्याचं पाकीट आलं न्हाई म्हणून. त्याच दिवशी हिच्या क्रेटात पुठ्ठ्याखाली दाण्याची पिशवी सापडली. आपल्याच कंपनीची. ती म्हणती, मला कायच ठावं न्हाई. साहेबांनी सगळ्यांसमोर इचारलं, सगळ्यांसमोर घरी पाठवली. आता पुण्याच्या हापिसातनं निकाल यायचाय. पोरगी तशी चांगली व्हती, आजी. पण पुठ्ठ्याखाली लपवलेलं सापडल्यावर कोण काय बोलणार?"

बाईंच्या तोंडावरचं रगत पार उतरलं. मी एवढी वर्षं त्यांच्याशी भांडलीय, पण असं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. त्या ओट्याच्या खांबाला धरून हळूच खाली बसल्या. मला वाटलं, आता ह्या रडणार. न्हाईतर गोरखवर तोंड टाकणार. त्यांनी दोन्ही केलं न्हाई. मोबाईल डोळ्यांपाशी धरला, चार आकडे वाचून गोरखला सांगितले, म्हणाल्या, "जा बाबा, तुझा काय दोष." मग माझ्याकडं वळल्या.

"भागू, लुगडं बदल. भावजींना पिकअप काढायला सांग. मंचरला जायचंय."

"अवो, अक्षदाला फोन करा. ती बोलंल कंपनीशी इंग्रजीत."

"पुठ्ठा मी उचलला का अक्षदानं?"

मी लुगडं बदललं. आमच्या मालकांनी पिकअप काढली. बाई मधी, मी कडंला.  मंचरात शिरल्यावर मला वाटलं, गोडाऊनला जायचं. पण बाई म्हणाल्या, "आधी जैबूच्या घरी."

जैबूभाभी खाटेवर बसलेली. नजर कमी झालीय, पण हाताला बांगडी लागताच अजून माप सांगती म्हणे. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. आमचा आवाज ऐकून भाभीनं हात पुढं केले, बाईंचे हात चाचपले. "प्रयागबाई? एवढ्या लांब?" आन् मग तिचा आवाज फुटला. "ऐकलंत ना तुमी? जिंदगी गेली माझी लोकांच्या माजघरात. उघड्या कपाटापाशी बसले, लेकीसुनांच्या डागिन्यांपाशी बसले. कुणी कधी सुई मोजून ठिवली न्हाई मी येणार म्हणून. तुमच्या सासूबाई तर किल्ल्या माझ्यापुढं टाकून भाकरी थापायला जायच्या. आन् माझ्या नातीला चोर म्हणाले. शेंगदाण्याची चोर! परवापासनं पोरगी जेवली न्हाई. दुसरं काम मिळंल, प्रयागबाई. पण ह्या घरातल्या बाईला लोकं परत घरात घेतील का?"

बाई उभ्याच व्हत्या. त्या दुखऱ्या गुडघ्यांनी खाली बसल्या, भाभीच्या पायाशी. "जैबू, ते दाणे मी ठेवले."

बाहेर कुणाचातरी कुकर वाजला.

"ती न्हाई म्हणाली, मेथी परत देऊन गेली," बाई म्हणाल्या, "म्हणून मी लपवून ठेवले. तुझी टोपली कधी रिकामी धाडली न्हाई, मग तुझ्या नातीला कशी धाडू? माझं चुकलं, जैबू."

 भाभी म्हणाली, "येडी का खुळी गं तू! टोपली माझी व्हती. क्रेट कंपनीचा हाय." रागानं म्हणाली, पण बाईंचा हात तिनं सोडला नव्हता.

आतलं दार उघडलं. आरफा उभी. डोळे सुजलेले. बाई म्हणाल्या, "चल माझ्यासंगं. आत्ता तुझ्या साहेबाला सांगते."

"मी न्हाई येणार, आज्जी. सगळ्यांसमोर बोलले मला. तिथं मी पाय ठेवणार न्हाई."

"बरोबर हाय तुझं," बाई म्हणाल्या. "ज्यांनी सगळ्यांसमोर घेतलं, त्यांनी सगळ्यांसमोर परत द्यावं. तू घरीच थांब. फोन जवळ ठेव."

गोडाऊन हमरस्त्याला हाय. आत नुसत्या मांडण्या आन् मांडण्या, तेल, साबण, बिस्किटं, माणूस हरवंल असं. गोडाऊनचा साहेब रामदास म्हणून, तरणाच हाय, काचेच्या खोलीत संगणकापुढं बसलेला. मी निघाले सरळ त्या खोलीकडं. बाईंनी माझा पदर धरून ओढला.

"थांब. पोरं कुठायत?"

"कंची पोरं?"

"सामान वाटणारी. ती सगळी जमली व्हती ना तिला घालवताना? तशी जमू दे."

आन् ती बाई तिथं तांदळाच्या कट्ट्यावर बसून राहिली. साहेब दोनदा बाहेर येऊन गेला, "आजी, काय पाहिजे?" बाई म्हणाल्या, "सावलीत बसलेय. तुझं चालू दे." दुपारचं सामान भरायला एकेक जण यायला लागला. गोरखबी आला, आमाला बघून मागच्या मागं सरकला. सगळे क्रेट मांडून उभे राहिले, तवा बाई उठल्या. आवाज तर काय, बांधापल्याडून मला हाका मारून मारून कमावलेला!

"साहेब, बाहेर या. आरफाच्या क्रेटात दाणे ठेवणारी बाई मी हाय."

 रामदास बाहेर आला. वाईट माणूस नव्हता, तसं म्हणणार न्हाई मी. हात जोडून म्हणाला, "आजी, तुमचा तिच्यावर जीव आहे, दिसतंय मला. पण पिशवी आमच्या कंपनीची, वर आमची चिठ्ठी. त्याच दिवशी एका गिऱ्हाइकाचे शेंगदाणे गायब. तुम्ही तिला वाचवायला म्हणताय, असं वरचे साहेब म्हणतील. मी त्यांना काय दाखवू?"

मी पुढं झाले. "मी बघितलंय माझ्या डोळ्यांनी. ह्यांना ठेवताना."

"तुम्ही कोण?"

"धाकटी जाऊ. आन् आमचं दोघींचं एका गोष्टीवर कधी पटत न्हाई, ते निरगुडसरात कुणालाबी इचारा. खोटं बोलायला ह्यांच्यासाठी मी येईन का?"

दोघं-तिघं हसले. साहेबाला हसू आलं न्हाई. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "पिशवी कुठंय?"

"कपाटात. पुण्याला पाठवायची म्हणून तशीच बांधून ठेवलीय."

"सोडून बघितलीस?"

"नाही. वजन केलं फक्त."

"आण. ह्या सगळ्यांसमोर सोड."

रामदासनं पिशवी आणली. सुतळीची गाठ त्याला सुटंना, बाईंनी दातानं सोडली. टेबलावर कागद अंथरून त्यानं पिशवी उपडी केली. दाणे घरंगळले. आन् दाण्यांबरोबर पडला वाळलेला पाला. बारीक, कातरी कडांचा. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत दाण्यांत मिसळलेला.

कडुलिंब. दाण्याच्या डब्यात, बाजरीच्या कणगीत बाई तो घालत्यात, किडं होऊ नये म्हणून. मीबी घालते. पण कंपनीच्या पाकिटात कोण घालणार?

 रामदासनं एक पान उचललं, बोटांत चुरलं, नाकापाशी नेलं. तिथंच त्याचा चेहरा पडला. "आमची आई तांदळात घालते," तो म्हणाला. "ओतूरवरनं पोतं पाठवते मला. निवडताना दर वेळी कुरकुरतो मी तिच्यावर." मग 'त्या गिऱ्हाइकाचे दाणे गेले कुठे?' म्हणत त्यानं दाण्यांच्या मांडणीकडं बघितलं, दोन माणसांना म्हणाला, मांडणी सरकवा. मांडणीमागं भिंतीशी एक पाकीट पडलेलं मिळालं. शेंगदाण्याचंच. वर मंचरच्या त्या गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी.

"फोन लाव," बाई म्हणाल्या. "आवाज सगळ्यांना येईल असा लाव."

त्यानं लावला.  "आरफा, मी रामदास बोलतोय. सगळे उभे आहेत इथे. तू चोरी केली नव्हतीस. चूक माझी झाली, न बघता बोललो मी. पुण्याला मी स्वतः कळवतो. उद्यापासून ये."  पलीकडनं आरफाचा बारीक आवाज आला, "साहेब, गोरख हाय का तिथं? त्यानं ऐकलं का?" गोरख ओरडला, "ऐकलं गं! ये तू, मला ते घर परत हुडकायला लावू नको!" आन् सगळं गोडाऊन हसलं.

निघताना रामदास म्हणाला, "आजी, एक ऐका. क्रेटमध्ये पुन्हा काही ठेवू नका. परत असं झालं तर माझ्याही हातात राहणार नाही. टोमॅटोचे क्रेट बाजारातून तुमच्याकडे रिकामेच येतात की नाही?"

"ते बाजाराचे. हा माझ्या चुलीपाशी येतो," बाई फाडकन म्हणाल्या.  मग त्यांची नजर मांडलेल्या क्रेटांवर गेली. "बरं. न्हाई ठेवणार. शब्द देते. पाणी पाजलं तर चालतं का?"

"पाणी पाजा, चहा पाजा, जेवायला वाढा. क्रेट तेवढा मोकळा सोडा."

त्या शब्दाची किंमत त्या गोडाऊनात फकस्त मला ठावं व्हती. तोंड बघत नव्हतो तवाबी माझ्या वाटीत गूळ ठेवणारी बाई व्हती ती. पिकअपमधी मी पयल्यांदा त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "हात काढ, गरम हुतंय." पण हात त्यांनी काढला न्हाई.

पुढल्या खेपेला उसाच्या कडेनं हॉर्न वाजत आला. मी माझी कामं टाकून बांध ओलांडला. आरफानं क्रेट ओट्यावर ठेवला, एक गुडघा टेकला, सामान काढून मांडलं. बाईंनी चार आकडी नंबर वाचून दाखवला. मग त्यांनी स्वतः क्रेट उचलला. पुठ्ठा काढून बघितला, झटकला, परत घातला. आत कायच नव्हतं. तो मोकळा क्रेट त्यांनी आरफाच्या हातात दिला. आयुष्यात पयल्यांदा त्यांनी आपल्या हातानं भांडं रिकामं धाडलं व्हतं. "जा," म्हणाल्या, आन् पाठ फिरवली. वाटण्यांच्या टायमाला बांधावर फिरवायच्या, तशीच.

आरफानं क्रेट स्कूटीला बांधला. हेल्मेट काढून आरशाला अडकवलं. मग परत आली, चपला ओट्याखाली सोडल्या आन् सरळ आत, चुलीपाशी जाऊन मांडी घालून बसली, जशी तिची आज्जी बसायची.

"आज्जी, आज तुमचं घर मी मुद्दाम शेवटाला ठेवलंय. लई भूक लागलीय. वाढा."

बाईंनी भाकरी वाढली, दाण्याचं कूट घालून मेथी वाढली, वर काकवी वाढली. पोरगी खात राहिली आन् बाई वाढत राहिल्या. पण नजर सारखी बाहेर, त्या स्कूटीवरच्या क्रेटाकडं. शेवटी न राहवून म्हणाल्या, "त्यो रिकामाच चाललाय गं."

आरफानं तोंडातला घास गिळला.

"क्रेट चाललाय रिकामा, आज्जी. मी न्हाई."

 बाईंनी तिच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली, आन् माझ्याकडं न बघताच म्हणाल्या, "भागू, तूबी बस आता. उभ्यानं काय बघतीस?"